शिकागोला डीप डिश खायला जाताय? मग भूक लागायच्या आधी निघा

घाटावरची (धागाकर्ती)

उन्हाळा लागला की आमच्याकडे शिकागोजवळच्या नेपरविलला पाहुण्यांची रीघ सुरू होते. कोणी पुण्याहून, कोणी टेक्सासहून. मिलेनियम पार्कातलं ते 'बीन' नावाचं चकचकीत शिल्प, नदीवरची बोट आणि डीप डिश पिझ्झा, या तीन गोष्टी प्रत्येकाच्या यादीत ठरलेल्या. पहिल्या दोन्हींत बिघडण्यासारखं काही नसतं. तिसरी निम्म्या लोकांची फसते आणि मग घरी येऊन ऐकवतात, "एवढं काय त्यात?" दर वेळी तेच सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या पाहुण्यांना लिंक पाठवीन.

हा पिझ्झा ओव्हनमध्ये ३० ते ४५ मिनिटं असतो. घाई केली तर मधलं पीठ कच्चं राहील, त्यामुळे वेटरवर डोळे वटारून काही होत नाही. लोक काय करतात, तर दिवसभर पायपीट करून, पोरं रडकुंडीला आल्यावर, शनिवारी संध्याकाळी सात वाजता दारात उभे राहतात. आधी टेबलाची वाट, मग पिझ्झ्याची. मधल्या वेळात गार्लिक ब्रेड येतो, तळलेलं चीज येतं, सॅलड येतं. पिझ्झा येतो तेव्हा पोटात जागा नसते, आणि मग पिझ्झा "फार जड". बऱ्याच ठिकाणी रांगेत उभं असतानाच पिझ्झ्याची ऑर्डर घेतात. नाव नोंदवतानाच विचारा. नाहीतर दुपारी तीन-चारला जा, जेवायची वेळ नसते तेव्हा.

दुसरं म्हणजे आकार. लू मालनाटीज या इथल्या प्रसिद्ध हॉटेलात ६, ९, १२ आणि १४ इंच असे चार आकार मिळतात. ९ इंची दोघांचा, १२ इंची तिघांचा, असा त्यांचाच हिशोब आहे. आपली मंडळी ९ इंच ऐकून "एवढुसा?" म्हणतात आणि चौघांत दोन मोठे मागवतात. बाबांनो, तो उंचीला पण असतो!

आणि तो उलटा रचलेला असतो. खोल तव्यात पीठ काठावर चढवतात, त्यावर आधी मोझरेलाचे काप, मग सॉसेज किंवा भाज्या, आणि सगळ्यात वर कुस्करलेला टोमॅटो, त्यावर किसलेलं रोमानो किंवा पार्मेजान. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चीज घालायलाच विसरले. पण चीज वर ठेवलं तर इतक्या वेळात करपून कोळसा होईल. टोमॅटो वर राहिला की त्यातलं पाणी आटतं आणि चीज खाली सुखरूप वितळतं. काटा-सुरी घ्या, त्यात कमीपणा नाही. पांढरा शर्ट नको.

हॉटेलांत माझी पसंती पीक्वॉड्स. तव्याच्या कडेला चीज लावून ते मुद्दाम जाळतात, तो काळपट कुरकुरीत काठ दुसरीकडे सहसा मिळत नाही. तुमचं सांगा.

पावशेर

वाचनखूण साठवली. 'तो उंचीला पण असतो' या वाक्यासाठी दंडवत.

हडसनपल्याडचा

न्यू जर्सीहून निषेध नोंदवतो. ज्याला घडी घालून रस्त्यावर चालता चालता खाता येत नाही तो पिझ्झा कसला? आमच्याकडे न्यूयॉर्कचं लोंबार्डीज हे पिझ्झ्याचं हॉटेल १९०५ चं आहे, तेव्हा तुमच्या शिकागोत याचा पत्ता नव्हता. विनोदी निवेदक जॉन स्ट्युअर्टने २०१३ मध्ये टीव्हीवर डीप डिशचं जे वस्त्रहरण केलं ते बघा. निमित्त काय, तर न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरने शिकागोच्या विलिस टॉवरचा उंचीचा मान हिरावून घेतला म्हणून शिकागोवाले कुरकुरत होते. आमच्या बिल्डिंगवर बोललात तर आम्ही तुमच्या पिझ्झ्यावर बोलू, असा सगळा मामला.

घाटावरची

हडसनराव, तुम्ही आलात की धागा शंभरी गाठणार हे नक्की. एक सांगा, कधी खाल्लाय का इथे येऊन?

हडसनपल्याडचा

खाल्लाय. कंपनीच्या खर्चाने. चव वाईट नव्हती, नाव चुकीचं आहे एवढंच माझं म्हणणं.

तुकडेजोड

इतिहासात थोडी भर. ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १९४३ मध्ये आइक स्यूअल आणि रिक रिकार्डो यांनी जे हॉटेल काढलं, तेच आजचं पिझ्झेरिया उनो, डीप डिश तिथेच जन्मला असं मानतात. स्यूअल टेक्सासचा, कॉलेजात फुटबॉल खेळलेला, धंद्याने दारू कंपनीतला बडा माणूस. रिकार्डोचं आधीपासून शिकागोत हॉटेल होतं. म्हणतात की स्यूअलला मेक्सिकन जेवणाचं हॉटेल काढायचं होतं आणि रिकार्डोने नकार दिला. मग इटालियन ठरलं, पण स्यूअलला वरवरचं खाणं नको होतं, एका बैठकीत पोट भरेल असं काहीतरी हवं होतं. मेक्सिकनची हौस त्याने १९६३ मध्ये शेजारीच 'सु कासा' काढून भागवली. उनोत गर्दी मावेना म्हणून १९५५ मध्ये जवळच दुसरं काढलं, ते 'दुए' (इटालियनमध्ये दोन; उनो म्हणजे एक). उनो हे नावही त्याच वेळचं. आधी नुसतंच 'पिझ्झेरिया' आणि मग रिकार्डोच्या नावाने चालायचं.

आता खरा वाद. कृती नेमकी कोणाची? स्यूअलला श्रेय मिळालं कारण तो मालक होता आणि बोलका होता. पण त्याने किंवा रिकार्डोने स्वतः पीठ मळलं असेल असं मानायला कागदोपत्री आधार नाही. उनोत रूडी मालनाटी मॅनेजर होता, त्याच्या घरचे म्हणतात कृती त्याची. आणि स्वयंपाकघरात होती ॲलिस मे रेडमंड, मिसिसिपीहून आलेली कृष्णवर्णीय बाई. १९६६ मध्ये दोन टॅक्सीवाल्यांनी एका मित्राबरोबर जीनोज ईस्ट काढलं तेव्हा त्यांनी काय केलं, तर उनोतून या बाईंना आणलं. हॉटेल काढणाऱ्यांनाच कळत होतं की पिझ्झा कोणाच्या हातात आहे. माझं मत विचाराल तर मूर्ती या बाईंची बसवायला हवी.

रूडीचा मुलगा लू. त्याने १९७१ मध्ये लिंकनवुडला स्वतःचं हॉटेल उघडलं, १७ मार्चला. म्हणजे ज्यूंच्या वस्तीत, आयरिश लोकांच्या सणाला, इटालियन पिझ्झा! सात वर्षांत लू वारला, पण बायको जीन आणि मुलांनी धंदा वाढवला. लूच्या धाकट्या भावाचं, रूडी ज्युनियरचं, वेगळं 'पिझानोज' आहे.

बोरकूट

भारी माहिती. मग जिओर्डानोज कुठे बसतं यात? मी तिथेच खाल्ला आणि त्यावर आणखी एक पापुद्रा होता.

तुकडेजोड

बोरकूट, तुम्ही डीप डिश खाल्लाच नाहीत, स्टफ्ड खाल्लात. त्यात सारणावर पिठाचा दुसरा पातळ थर येतो आणि सॉस त्याच्याही वर. चीज कितीतरी जास्त, फोटोत लांबच लांब तार निघते ती त्याचीच. हे प्रकरण १९७० च्या दशकातलं. नॅन्सीजचा रोक्को पालेसे आणि जिओर्डानोजचे बोल्यो बंधू, दोघांच्याही गोष्टीत आईच्या हातचा इटालियन 'पाय' (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आहे. उनो-मालनाटी ही एक शाखा, नॅन्सीज-जिओर्डानोज ही दुसरी. पर्यटक दोन्हींना डीप डिशच म्हणतात आणि इथले लोक चिडतात.

बोरकूट

म्हणजे आता परत जायला लागणार. बायकोला सांगतो, इतिहासासाठी जातोय म्हणून.

ताकाचा_ग्लास

शाकाहारी लोकांसाठी कोणीतरी नीट लिहा की. पुढच्या महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन जायचंय. सासूबाई अंडं नाही, कांदा-लसूण चालतो.

घाटावरची

ताक, लिहिते, हे मी बऱ्याचदा निस्तरलंय.

पालक आणि मशरूम हे दोन्ही शाखांत मिळतात, आणि स्टफ्डमध्ये पालक जास्त खुलतो. पालकाचा पिझ्झा मागवला की 'बिनमांसाचा' एवढ्यावर थांबू नका, प्रश्न चीजचा आहे. पार्मिजानो-रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो ही अस्सल इटालियन चीजं वासराच्या किंवा कोकराच्या रेनेटने (दूध गोठवायला वापरतात तो त्यांच्या पोटातला पदार्थ) होतात. अमेरिकेत बनणारं त्या नावाचं चीज आणि मोझरेला बऱ्याचदा प्राणिज रेनेटशिवाय असतं, पण प्रत्येक हॉटेलचं वेगळं. फोन करून विचारा. वर भुरभुरलेलं चीज नको म्हटलं तर तसंही देतात, चव थोडी उतरते इतकंच. पिठात अंडं असतं का हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

आणि एक महत्त्वाचं. लू मालनाटीजच्या मेन्यूवर 'क्रस्टलेस' म्हणून ग्लुटेन-मुक्त पिझ्झा दिसेल. "चला, पीठ नाही, हलका असेल" म्हणून सासऱ्यांना मागवून देऊ नका. त्यात पिठाच्या जागी तळाला अख्खी सॉसेजची चकती असते!

ताकाचा_ग्लास

अगं बाई! हे सांगितलंस ते फार बरं केलंस. सासरेबुवा नेमके डायबेटिसमुळे 'बिनापिठाचा' शोधणारेच आहेत.

बडीशेप

आता आमच्या बाजूने बोलू द्या. शिकागोत येऊन सॉसेजशिवाय डीप डिश खाणं म्हणजे नुसती हजेरी लावणं. ते कच्चं डुकराचं सॉसेज असतं, बडीशेप आणि लसूण घातलेलं, आणि कच्चंच पिझ्झ्यावर लावतात. शिजतं ओव्हनमध्ये, तिथेच त्याची चरबी चीजमध्ये उतरते. मालनाटीजमध्ये तर गोळे नसतात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग थर असतो. माझं सदस्यनाम त्यावरून नाही, पण असायला हरकत नाही.

वाट्टेलते

मी गेल्या वर्षी डाउनटाउनमधल्या एका अतिप्रसिद्ध जागी (नाव घेत नाही) खाल्ला. मध्यभागी पाणी पाणी, खालचं पीठ ओलं, वरून बिलात वीस टक्के टिप आपसूक जोडलेली. तुम्ही सगळे कौतुक करताय म्हणून विचारतोय, नेहमी असंच असतं का?

मुदपाक

वाट्टेलते, नेहमी नाही. ओलं राहायची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे भाज्या कच्च्या घालणं. मशरूम, पालक आणि ताजा टोमॅटो असे तीन पाणीदार जिन्नस एकाच पिझ्झ्यात मागवले तर उत्तमातलं उत्तम हॉटेलही हात टेकेल. दुसरं, घाईच्या वेळी पाच मिनिटं आधी बाहेर काढणं. म्हणूनच चीज किसून न घालता जाड काप एकमेकांवर चढवून लावतात, म्हणजे वरचं पाणी पिठापर्यंत पोचत नाही. आल्याआल्या कापू नका, पाच मिनिटं तसाच ठेवा. टिप आपसूक जोडलेली असेल तर बिलावर लिहिलेलं असतं. वाचून द्या, नाहीतर दोनदा जाते.

लेकव्ह्यूचा_भाडेकरू

मला या धाग्यात एक मोठी उणीव दिसते. शिकागोत वाढलेला माणूस शुक्रवारी रात्री डीप डिश मागवत नाही हो. तो मागवतो टॅव्हर्न स्टाइल. अगदी पातळ, कडक तळ, गोल पिझ्झा पण त्रिकोणी न कापता चौकोनी तुकडे. बारमध्ये बिअरबरोबर खायला निघालेला हा प्रकार. एका हातात ग्लास असेल तर दुसऱ्या हाताने एक तुकडा उचलून तोंडात टाकता आला पाहिजे, आणि खारट लागला की पुढची बिअर विकली जाते. साउथ साइडला 'व्हिटो अँड निक्स', 'होम रन इन' ही त्याची जुनी ठिकाणं. तिथे कॅमेरा घेऊन आलेलं कोणी दिसत नाही, सगळी घरची माणसं.

माझ्या ऑफिसातले शिकागोचे सहकारी डीप डिश कधी खातात माहितीये? बाहेरगावचा पाहुणा आला की. म्हणजे पाहुण्याला हवा म्हणून यजमान नेतो आणि यजमान खातो म्हणून पाहुण्याला वाटतं हे लोक रोज हेच खातात. तरी गंमत म्हणजे त्याची निंदा बाहेरच्याने केलेली त्यांना अजिबात चालत नाही. वर्षातून दोनदा खातील, पण हडसनरावांसारखा कोणी बोलला की अंगावर धावून येतील.

मी स्वतः दोन्ही खातो, पण एकच रात्र हातात असेल तर टॅव्हर्न स्टाइल म्हणेन. तोंडावर टोमॅटो फेकू नका.

हडसनपल्याडचा

भाडेकरूसाहेब, शेवटी शिकागोतूनच आमच्या बाजूने साक्षीदार मिळाला!

लेकव्ह्यूचा_भाडेकरू

तुमच्या बाजूने नाही. तुमचा न्यूयॉर्कचा पिझ्झा आमच्या टॅव्हर्नपेक्षा लोळागोळा असतो. घडी घालावी लागते ती काय उगाच?

घाटावरची

हाहा. भाडेकरू, 'एकच रात्र असेल तर' यावर असहमत. पातळ पिझ्झा चांगला मिळणारी शहरं पुष्कळ आहेत. पाहुण्याला इथलंच काहीतरी दाखवायचं असतं.

कोथरूडकर

एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे पिझ्झा हटमध्ये पॅन पिझ्झा मिळतो, तो आणि हा एकच का?

मुदपाक

नाही. पिझ्झा हट कॅन्ससमधल्या विचिटाचं, १९५८ चं. पॅन पिझ्झा त्यांनी १९८० मध्ये आणला. तो जाड असतो तो पिठामुळे, फुगलेला, जाळीदार पाव. डीप डिशमध्ये पीठ तसं पातळच असतं, खोली भरते ती चीज आणि टोमॅटोने. आणि पिठाचा पोतही वेगळा. त्यात तेल-लोणी भरपूर आणि मळणं अगदी कमी, त्यामुळे ते ताणलं जात नाही, खुसखुशीत तुटतं. शंकरपाळ्याला मोहन जास्त झालं की पीठ जसं हातात भुगा होतं, त्याच्या अलीकडचं रूप. पिवळा रंग बघून लोक मक्याचं पीठ घालतात, पण जुन्या हॉटेलांत सगळीकडे ते नसतं. मालनाटीजमध्ये नाही.

कोथरूडकर

मग घरी करता येईल? ओटीजी आहे, बिडाचा तवा आहे.

मुदपाक

येईल. बिडाचा तवा सपाट असेल तर नको, दोन इंच खोल काठ हवा. नाहीतर केकचा ९ इंची डबा घ्या. मैदा २५० ग्रॅम, कोमट पाणी साधारण १४० मिली, ड्राय यीस्ट एक छोटा चमचा, मीठ, चिमूट साखर, ५० मिली मक्याचं तेल आणि एक मोठा चमचा लोणी. सगळं एकत्र आलं की थांबा, दोन मिनिटांच्या वर मळू नका. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण मळलंत तर पाव होईल. झाकून दोन तास, किंवा रात्रभर फ्रीजमध्ये. डब्याला सढळ हाताने तेल लावा, पीठ बोटांनी दाबत काठावर चढवा.

मोझरेला पाव किलो, काप करून. पॅकेटमधलं किसलेलं नको. पालक घालणार असाल तर परतून मुठीत घट्ट पिळून घ्या. आपल्याकडच्या टोमॅटोला पाणी फार. सोलून, बिया काढून, लसूण-मिठाबरोबर कढईत आटवा, नाहीतर डबाबंद अख्खे टोमॅटो हाताने कुस्करून निथळून घ्या. २२० अंशावर, खालच्या रॅकवर, ३० ते ३५ मिनिटं. काठ तपकिरी व्हायलाच हवा, सोनेरीवर समाधान मानू नका.

कोथरूडकर

रविवारी करतो. फोटो टाकीन, हसू नका.

सांगलीकर_आबा

मी मुलाकडे शॉमबर्गला सहा महिने असतो. या वयात चीज कमी खा म्हणतात, तरी खाल्ला. एक तुकडा पुरतो. सुनेने उरलेला फ्रीजमध्ये ठेवला होता. मायक्रोवेव्हमध्ये नरम होतो म्हणून मी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केला. खालचा भाग परत कडक झाला आणि हॉटेलपेक्षा चांगला लागला. काठ तर मी चहाबरोबर खाल्ला. मुलगा हसला. हसू दे.

घाटावरची

आबा, तव्याची युक्ती एकदम बरोबर. चहाबरोबरचं मात्र धाडसच आहे तुमचं! शॉमबर्गला आहात तर गाडी काढून डाउनटाउनला जायची गरजच नाही, उपनगरांत शाखा आहेत आणि तिथे रांगही कमी.

पावशेर

चहा + पिझ्झ्याचा काठ. +१. आबांचं सदस्यत्व आजीव करा.

धावतीभेट

माझा शिकागोच्या ओहेअर विमानतळावर साडेचार तासांचा थांबा आहे, दोन्ही विमानं अमेरिकेतलीच, सामान थेट पुढे जाणार. शहरात जाऊन उनोत खाऊन येता येईल का?

लेकव्ह्यूचा_भाडेकरू

उनोचा नाद सोडा. ब्लू लाइनच्या लोकल गाडीने डाउनटाउनला जायलाच पाऊण तास, यायला तेवढाच, आणि पिझ्झा आहे पाऊण तासाचा. परत येऊन सुरक्षा तपासणीची रांग वेगळी. तुम्ही फलाटावरून फोटो पाठवाल, पिझ्झ्याचा नाही.

त्याऐवजी ब्लू लाइनवर पुढचंच स्टेशन आहे रोझमाँट. तिथे जिओर्डानोज आहे, स्टेशनवरून टॅक्सीने फार वेळ लागत नाही. स्टफ्ड असेल, डीप डिश नसेल, तुकडेजोड यांनी वर सांगितलंय तसं. विमान उतरलं की गेटवर चालता चालताच फोनवरून ऑर्डर द्या. विमान तासभर उशिरा आलं तर बेत रद्द, सरळ टर्मिनलमध्ये बसा.

धावतीभेट

धन्यवाद. उरला तर पुढच्या विमानात नेता येईल का? सॉस द्रव पदार्थात धरतात का?

लेकव्ह्यूचा_भाडेकरू

पिझ्झा नेऊ देतात, मी नेलाय. वेगळ्या वाटीत सॉस घेऊ नका म्हणजे झालं. फक्त शेजारच्या प्रवाशाचा विचार करा, पूर्ण केबिनमध्ये लसणाचा वास सुटतो.

हडसनपल्याडचा

आणि आमच्या न्यू जर्सीत नेवार्कला उतरणार असाल तर तो खोका लपवून बाहेर या.